गोष्ट कोलोनच्या घंटेची

शाळेची घंटा आपल्या रोजच्या ओळखीची असते. बऱ्याच शाळांत ती पितळेची किंवा कांशाची जाड थाळी असते. काही शाळांत मात्र रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा व्हरांड्यात टांगलेला दिसतो. शिपाईमामा लोखंडी दांड्याने त्याच्यावर टोले देतात आणि मधली सुट्टी होते. हा रूळ घडवला गाडीचे ओझे पेलण्यासाठी. तो टांगला, त्याला मोकळेपणी कंप पावू दिले, की त्याचीच घंटा होते.

धातूने असे काम बदलणे नवे नाही. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर एक मोठी घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आणल्या गेल्या. नारोशंकराची घंटा त्यांपैकीच एक. युरोपात तर युद्ध आणि घंटा यांचे नाते याहून जवळचे होते. तिथे शत्रूची घंटा नुसती उचलून नेत नसत. तिची तोफ करत, आणि तोफेची पुन्हा घंटा.

या लेखात आपण अशाच एका घंटेचा इतिहास पाहणार आहोत. ती जर्मनीतल्या कोलोन शहराच्या कॅथीड्रलमध्ये होती. 'यू-दि-कोलोन' या सुगंधी पाण्याला ज्याचे नाव मिळाले, तेच हे ऱ्हाइन नदीकाठचे शहर. ही घंटा २२ तोफांपासून झाली, तीनदा ओतावी लागली, टांगल्यावर नीट वाजेना, आणि पुरी पन्नास वर्षेही न जगता पुन्हा युद्धाच्या कामी गेली. तिच्या जागी आलेली घंटा आजही वाजते. या गोष्टीत रसायनशास्त्र आहे, लंबक आहे, संगीत आहे आणि माणसांनी घेतलेले निर्णयही आहेत.

सहाशे वर्षे चाललेले बांधकाम

कोलोनचे कॅथीड्रल बांधायला १२४८ मध्ये सुरुवात झाली. सोळाव्या शतकात काम थांबले. दक्षिणेचा मनोरा अर्धवट राहिला आणि त्याच्या माथ्यावरचा लाकडी यारी-खांब शेकडो वर्षे शहरातून दिसत राहिला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये ते पुरे झाले. १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे हे तेव्हा जगातले सर्वांत उंच बांधकाम होते.

या देवळात पूर्वीपासून दोन मोठ्या घंटा होत्या. १४४८ मध्ये ओतलेली 'प्रेतिओसा' म्हणजे 'अनमोल', वजन सुमारे साडेदहा टन. आणि १४४९ मधली 'स्पेसिओसा' म्हणजे 'सुंदर', वजन सुमारे साडेपाच टन. या दोन्ही घंटा आजही तिथेच वाजतात. मनोरे पुरे होत आले तेव्हा या दोघींच्या जोडीला आणखी खालच्या स्वराची, आणखी मोठी घंटा हवी असे ठरले.

बावीस तोफा

१८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध झाले. फ्रान्स हरला. जिंकलेल्या फ्रेंच तोफांपैकी २२ तोफा सम्राट पहिला विल्हेल्म याने या घंटेसाठी दिल्या. म्हणून घंटेचे नावही पडले 'कायझरग्लोक', म्हणजे सम्राटाची घंटा.

तोफ वितळवून सरळ घंटा ओतता येईल का? दोन्ही कांशाच्याच, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या. परंतु प्रमाण वेगळे. तोफेच्या कांशात साधारण ९० टक्के तांबे आणि १० टक्के कथील असते. तोफेत दारूचा स्फोट होतो. धातूने तो धक्का सोसला पाहिजे, थोडे ताणले गेले तरी फुटता कामा नये. घंटेच्या कांशात कथील २० ते २२ टक्के असते. कथील वाढले की कांसे टणक होते आणि त्यातला कंप लवकर विरून जात नाही, म्हणूनच घंटा मिनिटभर घुमत राहते. पण याची किंमतही मोजावी लागते. कथील वाढले की धातू ठिसूळ होतो. तोफ वाकेल पण तुटणार नाही. घंटा वाकत नाही, तिला सरळ तडा जातो.

तेव्हा तोफेची घंटा करायची तर कथील वाढवावे लागते. किती? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात घेता येईल. समजा तोफांचे कांसे २४ टन आहे. त्यात १० टक्के, म्हणजे २.४ टन कथील आहे. त्यात क्ष टन कथील घालून ते प्रमाण २० टक्के करायचे आहे.

२.४ + क्ष = ०.२ × (२४ + क्ष)

यावरून क्ष = ३ टन. एकूण धातू २७ टन. आणि कायझर घंटेचे वजन होते सुमारे २७ टनच! प्रत्यक्षात तोफांचे नेमके वजन, ओतताना वाया जाणारा धातू अशा अनेक गोष्टी असतात, तरी अंदाज म्हणून आपले उत्तर फार चुकलेले नाही.

आता हेच गणित उलटे करून पाहा. २० टक्के कथील असलेली २७ टनांची घंटा तोफेच्या कांशात बदलायची तर किती तांबे लागेल? उत्तर येते २७ टन. म्हणजे कथील घालून घंटा करणे सोपे, पण घंटेची तोफ करायला तिच्याच वजनाइतके तांबे ओतावे लागते.

तीनदा ओतलेली घंटा

घंटा ओतण्याचे काम फ्रांकेन्थाल गावच्या आंद्रेआस हाम या ओताऱ्याकडे आले. मोठी घंटा ओतण्याची रीत अशी. आधी विटा-मातीचा गाभा रचायचा. त्याचा आकार घंटेच्या आतल्या पोकळीएवढा. त्यावर मातीचीच एक खोटी घंटा घडवायची, अगदी हव्या त्या जाडीची. तिच्यावरून मातीचे जाड कवच चढवायचे. सारे नीट सुकवले, भाजले, की कवच उचलायचे, खोटी घंटा फोडून काढायची आणि कवच पुन्हा जागेवर बसवायचे. गाभा आणि कवच यांच्यात जी पोकळी उरते, तीच खऱ्या घंटेची जागा. हा साचा खड्ड्यात पुरून भोवती माती ठोकून बसवतात, नाहीतर वितळलेल्या धातूच्या दाबाने तो फुटेल. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, कथील अवघ्या २३२ अंशांना. म्हणून आधी तांबे वितळवून कथील शेवटी घालतात. सारा धातू एका दमात ओतावा लागतो. मध्ये खंड पडला तर थरांचा जोड राहतो आणि घंटा बिघडते.

हामने पहिला प्रयत्न ऑगस्ट १८७३ मध्ये केला, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरात. दोन्ही घंटा नापसंत ठरल्या. ३ ऑक्टोबर १८७४ रोजी तिसऱ्यांदा ओतलेली घंटा अखेर कोलोनला गेली. तोंडाशी तिचा व्यास ३.४२ मीटर होता. आपल्या वर्गातला फळा आडवा ठेवला तरी तिच्या तोंडात सहज मावेल! पण करारात मागितलेला 'सी' हा स्वर याही वेळी नेमका मिळाला नव्हता आणि यावरून बरीच वादावादी झाली.

एका स्वरासाठी एवढा हट्ट का? प्रेतिओसाचा स्वर पाश्चात्त्य पद्धतीत 'जी' आहे. 'सी'ला षड्ज मानले तर 'जी' म्हणजे पंचम. 'सा' आणि 'प' एकत्र वाजले की कानाला किती गोड लागतात, हे तंबोरा ऐकणाऱ्याला सांगायला नको. नवी घंटा 'सा' देणार, जुनी 'प' देणार, असा बेत होता. तंबोऱ्याची खुंटी पिळता येते. २७ टनांच्या घंटेला खुंटी नसते.

मोठ्या घंटेचा स्वर खाली असतो हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. त्याचा नियमही सोपा आहे. एकाच धातूच्या, एकाच आकाराच्या दोन घंटा घेतल्या आणि एकीची प्रत्येक लांबी, रुंदी, जाडी दुप्पट केली, तर तिची कंप्रता निम्मी होते, म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो. घनफळ मात्र दोनचा घन, म्हणजे आठ पट होते आणि वजनही आठ पट. घरच्या पूजेतल्या घंटीपासून एकेक सप्तक उतरत कोलोनपर्यंत जायचे तर दर पायरीला आठ पट धातू हवा. खालचा 'सा' फार महाग पडतो!

घंटा वाजत नाही

घंटा मनोऱ्यात चढली. हलवून पाहिली. आणि अशी तक्रार आली की घंटा झुलते पण वाजत नाही.

हे समजायला आपल्या आणि युरोपातल्या घंटेतला फरक लक्षात घेतला पाहिजे. देवळात आपण आतला लोलक हलवतो, म्हणजे घंटेची जीभ. घंटा जवळजवळ स्थिर असते. युरोपातल्या चर्चमध्ये घंटाच आडव्या आसावर टांगलेली असते आणि अख्खी घंटा झोके घेते. आत लोलक वेगळ्या खिळीवर मोकळा लटकतो. म्हणजे हे झाले लंबकातले लंबक: मोठे लंबक घंटेचे, त्याच्या पोटात छोटे लोलकाचे. दोघांची चाल वेगवेगळी असली की लोलक मागे-पुढे पडतो आणि घंटेच्या कडेवर आदळतो. पण दोघांची चाल जुळली तर? घंटा उजवीकडे गेली की लोलकही तेवढाच उजवीकडे, घंटा डावीकडे गेली की तोही तेवढाच डावीकडे. दोघे एकजीव असल्यासारखे झुलत राहतात आणि टोला पडतच नाही. कायझर घंटेत हेच होत होते.

वेल्टमन या जर्मन गणितज्ञाने १८७६ मध्ये या कोड्याची उकल प्रसिद्ध केली. प्रत्येक झुलणाऱ्या वस्तूत एक असा बिंदू असतो की वस्तूचे सगळे वजन तिथेच एका गोळ्यात एकवटून दोरीने टांगले असते, तरी झोक्याचा काळ तोच राहिला असता. त्याला आंदोलनकेंद्र म्हणतात. घंटेचे आंदोलनकेंद्र आणि घंटेत सरळ लटकणाऱ्या लोलकाचे आंदोलनकेंद्र एकाच ठिकाणी आले, की दोघे बरोबरीने झुलतात आणि घंटा मुकी होते. उपाय असा की लोलकाची लांबी किंवा त्याची खिळीची जागा बदलून ही केंद्रे एकमेकांपासून दूर न्यायची. वजन वाढवून किंवा जोर लावून काही होत नाही. चूक जोराची नसून मापाची असते.

एवढ्या मोठ्या घंटेवर कोणी हौसेने प्रयोग करत नाही. पण ३० सेंटिमीटरच्या लाकडी पट्टीवर तो दहा मिनिटांत होतो.

करून पाहा

साहित्य: ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी, खिळा, टाचणी, दोरा, छोटा नट.

पट्टीच्या शून्याच्या टोकाजवळ भोक पाडून ती खिळ्यावर मोकळी टांगा. ही आपली घंटा. वरून ८ सेंटिमीटरच्या खुणेवर एक टाचणी अर्धी रोवा. टाचणीला दोरा बांधून त्याच्या टोकाला नट लटकवा. दोऱ्याची लांबी अशी ठेवा की नटाचा मध्य पट्टीवरच्या २० सेंटिमीटरच्या खुणेसमोर येईल, म्हणजे १२ सेंटिमीटर. हा आपला लोलक. आता नट २० च्या खुणेसमोरच राहील असा बोटाने धरून पट्टी बाजूला न्या आणि दोन्ही एकदम सोडा. नट पट्टीला चिकटवल्यासारखा तिच्याबरोबर झुलताना दिसेल.

आता दोरा ६ सेंटिमीटरचा करा. पुन्हा तसेच सोडा. या वेळी नट पट्टीच्या मागेपुढे होऊ लागेल. ही पट्टी खरी घंटा असती तर टोला पडला असता.

२० सेंटिमीटरच का? एका टोकाला टांगलेल्या सरळ, एकसारख्या पट्टीचे आंदोलनकेंद्र तिच्या लांबीच्या दोन-तृतीयांशावर असते. ३० चे दोन-तृतीयांश २०. टाचणी ८ ऐवजी ५ वर रोवली तर दोरा किती लांब ठेवावा लागेल, हे मुलांना आधी सांगायला लावा आणि मग करून पाहू द्या.

१९१८: घंटा खाली उतरते

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले. ब्रिटनच्या आरमाराने जर्मनीची समुद्रातली वाट रोखली. परदेशी तांबे आणि कथील मिळेनासे झाले. या काळात तोफा कांशाच्या राहिल्या नव्हत्या, त्या पोलादी झाल्या होत्या. मग घंटा कशाला हव्या होत्या? तोफेच्या गोळ्याभोवती तांब्याचा पट्टा लागतो, काडतुसांची टोपणे पितळेची असतात आणि पितळेतही तांबे असते. विजेच्या तारा, यंत्रे, सगळ्यांना तांबे हवे होते. आणि गावोगावच्या मनोऱ्यांत तांब्या-कथलाचे साठे आयते टांगलेले होते.

सरकारने घंटांची प्रतवारी केली. जुन्या, कलेच्या दृष्टीने मोलाच्या घंटा ठेवायच्या, नव्या वितळवायच्या. या हिशेबात पंधराव्या शतकातली प्रेतिओसा वाचली आणि जेमतेम ४४ वर्षांची कायझर घंटा सापडली. १९१८ मध्ये ती वितळवण्यात आली. तोफांतून जन्मलेली घंटा पुन्हा युद्धाकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात युद्ध संपले आणि ज्या सम्राटपदाचे तिला नाव होते, ते पदही उरले नाही.

तिचा लोलक मात्र राहिला. टंचाई तांब्याची होती आणि लोलक होता लोखंडाचा. तो आजही कॅथीड्रलपाशी ठेवलेला आहे. टोला देणारा उरला, आवाज देणारी गेली.

जाडा पीटर

युद्ध संपल्यावर कोलोनने पुन्हा मोठी घंटा करायची ठरवली. काळ कठीण होता. १९२३ हे जर्मनीतल्या भयानक चलनवाढीचे वर्ष; सकाळी मिळालेला पगार संध्याकाळी कवडीमोल होत असे. अशा वर्षी, ५ मे १९२३ रोजी, आपोल्डा गावी हाइनरिश उलरिश या ओताऱ्याने नवी घंटा ओतली. वजन २४ टन, व्यास ३.२२ मीटर. १९२४ मध्ये ती दक्षिण मनोऱ्यात चढली. हिला सम्राटाचे नाव दिले नाही. ज्या संताच्या नावाने हे कॅथीड्रल आहे, त्या सेंट पीटरचे दिले. कोलोनचे लोक मात्र प्रेमाने तिला आपल्या बोलीत 'जाडा पीटर' म्हणतात.

आणि या घंटेने हवा तो 'सी' स्वर दिला, कंप्रता सेकंदाला सुमारे १३१. ज्या 'सा'साठी पूर्वीची घंटा तीनदा ओतावी लागली, तो अखेर प्रेतिओसाच्या 'प'ला भेटला.

घंटेचा स्वर सांगणे वाटते तितके सोपे नाही. तार एका स्वरात वाजली तरी तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर असतात. ते मूळ स्वराच्या पूर्ण पटीत असल्यामुळे कानाला एकच स्वर ऐकू येतो. घंटेचे तसे नसते. तिची कड एकाच वेळी अनेक तऱ्हांनी कंप पावते: कधी गोलाची लंबगोल होते, कधी तिला सहा ठिकाणी बाक येतो. या स्वरांचे प्रमाण घंटेच्या आकृतीवर ठरते. चांगल्या घंटेत ते आपल्या भाषेत असे जुळवलेले असतात: खर्जातला सा, मधला सा, कोमल गंधार, पंचम आणि तार सा. १३१ ला मधला सा मानले तर हे आकडे साधारण ६५, १३१, १५७, १९६ आणि २६२ असे येतील. चर्चच्या घंटेत जी एक गंभीर, किंचित करुण छटा वाटते, ती या कोमल गंधाराची.

यातही एक गंमत आहे. टोला पडताच आपल्याला जो स्वर ठळक ऐकू येतो, तो मुख्यतः वरच्या तीन उपस्वरांवरून आपला मेंदू ठरवतो. त्यांच्या कंप्रता २ : ३ : ४ अशा प्रमाणात असतात, इथे साधारण २६२, ३९३ आणि ५२४. मेंदू त्यांचा समाईक पाया शोधतो आणि म्हणतो, हा स्वर १३१ चा. टेलिफोनवर असेच होते. साध्या टेलिफोनच्या तारेतून ३०० च्या खालचे कंप फारसे येत नाहीत, तरी पुरुषाचा खर्जातला आवाज आपण ओळखतो. उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो.

जगात याहून जड घंटा आहेत. म्यानमारमधल्या मिंगुनची घंटा सुमारे ९० टनांची आहे. पण ती जागेवरच असते आणि बाहेरून टोला मारून वाजवतात. अख्खी झोके घेणारी घंटा म्हणून 'जाडा पीटर' अनेक दशके जगात पहिला मानला जाई. २०१६ मध्ये रुमानियाच्या बुखारेस्ट इथल्या नव्या कॅथीड्रलसाठी २५ टनांहून जड घंटा ओतली गेली आणि हा मान तिच्याकडे गेला.

तडा आणि थकवा

दुसऱ्या महायुद्धात कोलोन शहराची राखरांगोळी झाली. कॅथीड्रलवर १४ मोठे बॉम्ब पडले, तरी मनोरे उभे राहिले आणि घंटाही वाचली. पण कांशाच्या ठिसूळपणाने तिला गाठलेच. तिला एक मीटरहून लांब तडा गेला. तडा गेलेली घंटा घुमत नाही; फुटक्या मडक्यासारखी वाजते, कारण तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपाची ऊर्जा खाऊन टाकतात. १९५६ मध्ये हा तडा वेल्डिंग करून सांधण्यात आला.

पुढचा प्रसंग ६ जानेवारी २०११ चा. त्या दिवशी तीन राजांचा सण होता. घंटा वाजत असताना तिचा ८०० किलो वजनाचा लोलक तुटून खाली पडला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. १९०८ मध्ये कायझर घंटेचा लोलकही असाच तुटून पडला होता. लोखंडासारखा मजबूत धातू असा का तुटतो? तार पुन्हापुन्हा इकडून तिकडे वाकवली की ती तुटते, हे आपण सगळ्यांनी केलेले आहे. एका वाकवण्याने काही होत नाही; हजारो लहान धक्क्यांनी आत सूक्ष्म चीर पडते, ती वाढत जाते. याला धातूचा थकवा म्हणतात. रेल्वेचे आस आणि विमानाचे पंख यांची तपासणी याच कारणाने सतत करावी लागते.

नवा लोलक त्याच वर्षी डिसेंबरात बसवला. त्याचे वजन फक्त ६०० किलो ठेवले. हलका लोलक म्हणजे घंटेवर कमी मार आणि तिला जास्त आयुष्य. जोरात वाजणे आणि खूप वर्षे वाजणे यांत तडजोड करावी लागते. म्हणूनही ही घंटा रोज वाजवत नाहीत. ख्रिसमस, ईस्टर असे मोजके मोठे सण किंवा पोपच्या निधनासारखे प्रसंग, एवढ्यासाठीच ती राखून ठेवली आहे.

उरलेल्या घंटा

कोलोनची गोष्ट एकट्या कोलोनची नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने जर्मनीतून आणि जिंकलेल्या देशांतून पुन्हा घंटा गोळा केल्या. सुमारे दीड लाख घंटा नष्ट झाल्या असा अंदाज आहे. युद्ध संपले तेव्हा हॅम्बुर्ग बंदरात हजारो घंटा वितळवण्याची वाट पाहत पडून होत्या. लोक त्या जागेला घंटांची दफनभूमी म्हणत.

पुढे या घंटांची मापे घेण्यात आली, त्यांचे स्वर तपासले गेले. पर्सिव्हल प्राइस या घंटातज्ज्ञांनी १९४५ ते १९४७ या काळात या कामाचा तपशील जमवला. इतक्या शतकांच्या, इतक्या गावांच्या घंटा एका जागी तपासायची संधी एरवी कोणालाच मिळाली नसती. घंटेच्या स्वरशास्त्राला त्यातून मोठी माहिती मिळाली. त्यानंतर घंटा आपापल्या गावी परत पाठवण्यात आल्या. संधी विज्ञानाची होती, पण ती यावी असे कोणी म्हणणार नाही.

तांबे आणि कथील यांना घंटा व्हायचे की तोफ, हे ठाऊक नसते. १० टक्के कथील की २० टक्के, एवढाच फरक. रसायनशास्त्र दोन्ही वाटा सारख्याच खुल्या ठेवते. कोणत्या वाटेने जायचे ते माणूस ठरवतो. कोलोनच्या मनोऱ्यात १४४८ ची घंटा आणि १९२३ ची घंटा आज शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यामध्ये होती त्या घंटेची जागा भरली गेली, पण तिचा आवाज आता कोणालाच ऐकता येणार नाही. तिच्यावरून लिहिलेले लंबकाचे गणित मात्र राहिले.

तुमच्या शाळेची घंटा कशाची आहे? ती आधी काय होती? तिच्यावर टोला नेमका कुठे दिला की ती जास्त वेळ घुमते? ती हाताने धरली तर आवाज का बसतो? एका सुट्टीत मुलांना घेऊन हे तपासून पाहा. आणि गावातल्या देवळात, चर्चमध्ये जुनी घंटा असेल तर तिच्यावर काही सन-अक्षरे कोरलेली आहेत का तेही बघा. काय सापडले ते आम्हाला जरूर कळवा.